रडण्याची वाट पाहणारा निरोप्या

इतकी वर्षं लोटली, पण खर्ड्याची ती केस अजून माझ्या मनातून उतरलेली नाही. पेन्शनीत निघाल्यापासून लोक मला खून आणि दरोड्यांविषयी विचारतात, आणि मी सांगतोही. पण जिच्यात रक्त सांडलं नाही, काही चोरीला गेलं नाही, कोर्टाची पायरीही चढावी लागली नाही, अशी ही एक केस मी कुणी न विचारता सांगत सुटतो. घरातली माणसं एकमेकांकडे बघून म्हणतात, झालं, आता खर्डा सुरू.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि मी जामखेडला फौजदार होतो. जामखेडची बदली म्हणजे वरिष्ठांची नाराजी, असं त्या काळी आमच्यात म्हणत. पाऊस कमी, धूळ उदंड, आणि पलीकडे निजामाची हद्द. गुन्हेगार हद्दीपार झाला की आम्ही इकडे मिशीला पीळ देत बसायचं. सकाळची हजेरी, मग लॉकअपची पाहणी, मग स्टेशन डायरी, मग टपाल, असा ठाण्याचा दिवस उगवायचा. एका सकाळी त्या टपालात जवळच्याच एका गावच्या पोलीस पाटलाची वर्दी निघाली. गावच्या जोश्यांचा थोरला मुलगा खर्ड्याच्या किल्ल्यात मयत झाल्याचा निरोप येऊन आठवडा होत आला. घरचं कुणी गेलं नाही, प्रेत आणलं नाही, सुतकसुद्धा धरलेलं नाही. मुलगा सिनेमात होता. बाब संशयाची वाटते.

माणूस मयत, प्रेताचा पत्ता नाही आणि बाप थंड. फौजदाराला खुर्चीतून उठवायला एवढं पुरे होतं. जमादारांना घेऊन मी खर्ड्याकडे निघालो. आमचे जमादार कामाला चोख, पण सिनेमाचे भलते शौकीन. जत्रेत तंबूतला सिनेमा आला की बंदोबस्ताची ड्यूटी मागून घ्यायचे आणि गर्दीकडे पाठ करून पडद्याकडे तोंड करून उभे राहायचे. सिनेमा कंपनी म्हटल्यावर त्यांनी त्या दिवशी पटक्याला नवी घडी घातली होती.

किल्ल्यात शिरलो तर आत मोठा संसार मांडलेला. राहुट्या ठोकलेल्या, लाकडी खोकी रचलेली, ऊन वळवायला चंदेरी कागद डकवलेल्या फळ्या उभ्या केलेल्या. एका कोपऱ्यात तीन दगडांच्या चुलीवर गावातली एक बाई भाकरी थापत होती. आणि तटाच्या सावलीत एक धिप्पाड माणूस, अंगात चिलखत, कपाळावरून काळं रक्त ओघळलेलं, ठेचा-भाकरी खात बसला होता. जमादार थबकले आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "साहेब, हा तर राक्षस."

"कोण राक्षस?"

"सगळ्या चित्रांतला. दर वेळी मरतो बघा."

मी पुढे होऊन त्या माणसाला नाव विचारलं. वर्दीतलं मयताचंच नाव त्यानं सांगितलं. समोर बसून भाकरी खाणाऱ्याला 'आपण मयत आहात का' असं विचारायची पाळी पोलिसांवर क्वचितच येते. मी विचारलं. तो मनसोक्त हसला. म्हणाला, "मरतो साहेब, पण पोटासाठी. हे रक्त म्हणजे काकवी आहे. पडद्यावर रंग कुठे दिसतो? काळं दिसलं म्हणजे झालं."

"तुमच्या वडिलांना तुम्ही गेल्याचा निरोप पोचलाय," मी म्हणालो.

त्याचं हसू तिथंच विरलं. हातातली भाकरी त्यानं खाली ठेवली. "त्यांना? मग ते काय म्हणाले?"

ते आले नाहीत, एवढंच मला ठाऊक होतं आणि तेवढंच मी सांगितलं. त्यानं भाकरीवर फडकं झाकलं. नंतर म्हणाला, "बरोबर आहे. त्यांच्या लेखी मी केव्हाच गेलोय."

एका खोक्यावर बसून मी त्याचा जबाब घेतला. वडील गावचे जोशी, म्हणजे पंचांग सांगणारे, लग्नं-मुंजी लावणारे, श्राद्धपक्ष करणारे. मुलानं तेच पुढे चालवावं ही त्यांची इच्छा, पण मुलाच्या डोक्यात नाटकाचं वारं शिरलं. तो एका फिरत्या नाटक कंपनीत पडद्याआड उभं राहून नटांना भाषणं सुचवायच्या कामावर लागला. पुढे नाटकाचे दिवस फिरले आणि तो पुण्याला एका स्टुडिओच्या दारात जाऊन उभा राहिला. उंची आणि आवाज बघून त्याला घेतलं ते राक्षस म्हणून. त्यानंतर पौराणिक चित्र असेल तर राक्षस, ऐतिहासिक असेल तर परचक्राचा सरदार, आणि मारामारीचं असेल तर नायकाच्या जागी घोड्यावरून पडायला. सगळी चित्रं हलक्या खर्चातली, घाईत उरकलेली. "मध्यंतरापर्यंत जगलो तर त्याला आम्ही बढती म्हणायचो," तो म्हणाला. जोश्याचा मुलगा तोंडाला काळं फासून नाचतो, हे पहिल्याच चित्रानंतर गावात पोचलं. वडिलांनी भर पारावर सांगितलं, माझा थोरला मला मेला. आई तेव्हा होती. ती गेली तेव्हा याला कळवण्यातही आलं नाही.

युद्धाच्या काळात कच्च्या फिल्मवर सरकारचा कंट्रोल होता, नव्या माणसाला ती मिळणं कठीण. कंट्रोल उठला आणि हा राक्षस निर्माता झाला. पुण्याच्या स्टुडिओकडून कॅमेरा भाड्यानं घेतला, ओळखीचे नट गोळा केले आणि आपल्याच मुलखातला किल्ला निवडला. गोष्ट एका शूर किल्लेदाराची, आणि किल्लेदार तो स्वतः. सवयीप्रमाणे मरतोच, पण या वेळी मेल्यावर लोक रडतात, एवढा फरक. शेवटचा एकच प्रवेश बाकी होता: किल्लेदार मरून पडलाय, किल्ल्याचा दरवाजा उघडतो आणि गावची रयत आत येते. गावकरी तयार होते, बैलगाड्या ठरल्या होत्या.

जबाब संपतो न संपतो तोच पुण्याहून एक मोटार धुरळा उडवत आली. स्टुडिओचे मॅनेजर उतरले. काय झालं होतं, की जोश्यांच्या शेजाऱ्यानं माणुसकी म्हणून निर्मात्याच्या पुण्याला दिलेल्या बहिणीला तार केली होती. ती बिचारी आडवी पडली आणि तिचा नवरा चौकशीला स्टुडिओत गेला. कंपनीचा मालक मेला म्हणजे कॅमेरा बेवारशी, म्हणून मॅनेजर धावत आले होते. मालक समोर काकवी पुसत उभा दिसल्यावर त्यांचा पारा चढला. कॅमेरा परत द्यायचा दिवस जवळ आला होता आणि पुढची कंपनी त्याच्यासाठी खोळंबली होती. त्यांनी जागेवरच मला लेखी अर्ज दिला: मुदत वाढवून मिळावी म्हणून या गृहस्थानं स्वतःच मरणाची आवई उठवली, ही फसवणूक आहे, चौकशी व्हावी.

मॅनेजर दुष्ट नव्हते. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. पण अर्ज आला म्हणजे चौकशी आली, आणि चौकशी पुरी होईपर्यंत वादातली वस्तू जप्त करणं आलं. पंच बोलावले, पंचनामा केला, कॅमेऱ्याची पेटी दोरीनं बांधून लाखेचं सील मारलं आणि गावच्या चावडीत ठेवून दिली. सील मारताना निर्माता जवळ उभा होता.

"साहेब," तो म्हणाला, "एकच प्रवेश राहिलाय. तेवढा मिळाला तर हे चित्र पुरं होतं. नाही तर सगळं डब्यात पडून राहील आणि मी पुन्हा राक्षस."

त्यात रडगाणं नव्हतं. पडलेल्या पैलवानानं धूळ झटकत बोलावं तसं तो बोलला. मला तो माणूस आवडला होता, हे मी लपवत नाही. पण आवडीवर अर्ज निकाली निघत नाहीत. निरोप कुणी पाठवला हे सापडलं आणि त्यात याचा हात नाही हे ठरलं, तरच कॅमेरा सुटणार होता.

संध्याकाळपर्यंत सगळ्या कंपनीचे जबाब घेतले. माझा पहिला संशय होता एरवी नायकाची कामं करणाऱ्या देखण्या गड्यावर. मरणाचा मोठा प्रवेश निर्मात्यानं स्वतःकडे ठेवला म्हणून तो फुरंगटून बसला होता आणि तसं त्यानं कबूलही केलं. "पण साहेब," तो म्हणाला, "मला त्यांना मारायचं असतं तर पेपरात बातमी दिली असती. खेड्यात निरोप धाडून माझा काय फायदा?" मुद्दा बिनतोड होता. बाकीच्यांना तर निर्मात्याचं गाव कुठल्या दिशेला आहे हेही माहीत नव्हतं. सगळी पुण्यामुंबईची माणसं. त्यांना भाकरी दोन्ही हातांनी मोडायला शिकवत होती ती चुलीवरची बाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जोशीबुवांच्या घरी गेलो. वाळकी अंगकाठी, कपाळावर गंध, पाठ ताठ. त्यांनी मला बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि मी तोंड उघडायच्या आत हात वर केला. "त्या व्यक्तीविषयी या घरात बोलणं होत नाही. निरोप आणणाऱ्याविषयी काय विचारायचं असेल ते विचारा."

तुमचा मुलगा जिवंत आहे, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. ते तसेच गिळले. दमदाटीनं बोलणारे मी पुष्कळ सरळ केले, पण हा माणूस आवाज न चढवता दार लावत होता. मी वही उघडली.

"माणूस कसा होता?"

"शेतकरी. खर्ड्याकडचा असावा. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आत ये म्हटलं, आला नाही. पाणी दिलं, घेतलं नाही."

"काय म्हणाला?"

"'तुमचं थोरलं लेकरू किल्ल्यात गेलं.' एवढंच."

"मग निघून गेला?"

"नाही. उभा राहिला."

"कशासाठी?"

जोशीबुवांनी उपरणं सारखं केलं. "माझ्या तोंडाकडे बघत होता. मी रडतो का, याची वाट बघत असावा. मी रडलो नाही. तेव्हा खाली मान घालून गेला."

मी लिहिता लिहिता थांबलो. पोलिसाच्या धंद्यात माणसांच्या सवयी कळतात. वाईट बातमी आणणारा माणूस ऐकणाऱ्याच्या डोळ्याला डोळा देत नाही. तो जमिनीकडे बघतो, पटका सावरतो, कधी एकदा सांगून सुटतो असं त्याला झालेलं असतं. समोरच्यानं रडावं म्हणून खोळंबून राहणारा निरोप्या मी ऐकला नव्हता. म्हणजे ऐकला होता, पण फार वर्षांपूर्वी, आमच्या स्वतःच्या घरी.

आपल्याकडची ही चाल जुन्या माणसांना माहीत असेल. कावळा माणसाच्या डोक्याला शिवला तर त्याचं मरण जवळ आलं असं समजतात. त्यावर तोड अशी, की त्याच्या जवळच्या नातलगांना तो मेल्याचा खोटाच निरोप पाठवायचा. नातलगांनी मनापासून रडायचं. रडणं झालं की मरण फसतं, आपलं काम झालं समजून परत जातं. मग खरं काय ते कळवायचं. माझ्या मामांना कावळा शिवला तेव्हा आमच्या आईनं अशीच छाती पिटून घेतली होती, आणि दुसऱ्या दिवशी मामा पेढे घेऊन दारात आले तेव्हा त्यांना चांगलं फैलावर घेतलं होतं. मात्र यात एक अट असते. रडणं होईपर्यंत खरी गोष्ट कुणी फोडायची नाही. फोडली तर तोड लागू पडत नाही.

मी जोशीबुवांकडे बघितलं. श्राद्धपक्ष करण्यात हयात गेलेल्या या माणसाला ही चाल माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. पण ते पंचांग चाळायला लागले होते. मी नमस्कार करून निघालो.

किल्ल्यात परत आल्यावर कॅमेरामनला एकच प्रश्न विचारला: "इथे कुणाला कावळा शिवला होता का?"

तो खूश झाला. "शिवला म्हणजे काय साहेब, चित्रातसुद्धा आलाय." मालक मरून पडण्याचा प्रवेश चालू असताना कपाळावरच्या काकवीला भुलून एक कावळा खाली आला होता आणि मालकांच्या डोक्यावर चोच मारून गेला होता. मालक मुरलेले, मेल्यासारखेच पडून राहिले. कॅमेरामननं कॅमेरा थांबवला नाही. असा कावळा लाख खर्चून मिळत नाही म्हणून सगळी कंपनी हसली होती. यांच्या लेखी ती गंमत, म्हणून एकाही जबाबात कावळा आला नव्हता.

"त्या प्रवेशात आणखी कोण होतं?"

"किल्लेदाराची आई. त्या कामाची नटी आजारी पडली, म्हणून भाकरीवाल्या बाईंनाच उभं केलं. काय रडल्या साहेब! आम्ही थक्क झालो."

पुढचं सांगायला नको. सगळ्या कंपनीत या मातीतलं माणूस ती एकटीच होती. जिवंत माणसाला मांडीवर घेऊन तिनं लेकरू गेलं म्हणून टाहो फोडला होता, आणि त्याच वेळी कावळा शिवला होता. आपल्या रडण्यानं मरणाला वाट दाखवली असं तिला वाटलं नसतं तरच नवल. मालकांचं गाव तिनं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं असावं. निरोप नेणारा तिचा नवरा असणार, हेही उघड होतं.

बाईला आणि तिच्या नवऱ्याला चावडीत बोलावलं. नवरा साधा शेतकरी, बायकोच्या तोंडाकडे बघून बोलणारा. बाई मात्र पदर खोचून उभी राहिली.

"निरोप तुम्ही पाठवलात?"

"मला काय बी म्हाईत न्हाई."

"बाई, तुमच्या गप्प बसण्यानं त्यांचा कॅमेरा अडकलाय. त्यांचं नुकसान होतंय."

"हुंद्या. जिवापरीस कॅमेरा मोठा हाय व्हय?"

"खोटं सांगितलं तर गुन्हा होतो, ठाऊक आहे?"

"बांधून न्या साहेब. न्या, आमी येतो. पर आज सांगायची न्हाई." मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "ज्येचं रडनं ऱ्हायलंय, त्येचं हुंद्या. मग इचारा, समदं सांगते."

माझ्यापुरती केस तिथेच उलगडली होती. पण मॅनेजर ऐकेनात. ही बाई निर्मात्याच्या पगारावर, ती अर्धवट बोलते, हेही त्यांनीच पढवलेलं नसेल कशावरून? त्यांच्यासमक्ष सरळ कबुली हवी. कायद्यानं त्यांचं बरोबर होतं. आणि बाई तर रडणं झाल्याशिवाय तोंड उघडणार नव्हती. पिनल कोडात यासाठी कलम नाही.

निर्मात्याला मी हे सांगितलं तेव्हा तो खो-खो हसला. "बाई माझ्यासाठी तुरुंगात जायला निघाल्यात," तो म्हणाला, "पण साहेब, ते रडणार नाहीत. आई गेली तेव्हाही ते रडले नसतील."

तरी निरोप्याची ओळख पटवायला जोशीबुवांना बोलावणं मला भागच होतं. ते आले. बैलगाडीतून उतरून, कुणाचा हात न घेता, चावडीत येऊन घोंगडीवर बसले. निर्माता समोर आला नाही. मला बघून ते उठून जातील, म्हणाला, आणि चावडीमागच्या लिंबाखाली जाऊन उभा राहिला. आत मी, जमादार, मॅनेजर, पाटील आणि ती दोघं.

जोशीबुवांनी नवऱ्याकडे बघून मान हलवली. "हाच." मग बाईकडे वळले. "कावळा शिवला?"

बाई गप्प.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "निम्मं आयुष्य मी हीच तोड लोकांना सांगत आलोय."

"मग रडला का नाहीत?" हे मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

"कसा रडणार? तो मेला ही खोटी बातमी गावाला पहिल्यांदा मी दिली. ज्यानं स्वतः ती उठवली, त्यानं दुसऱ्याच्या तोंडून ऐकून कोणत्या तोंडानं रडायचं?" त्यांचा आवाज तसाच ताठ होता. हात मात्र घोंगडीची दशी चाळवत होते. "आणि फौजदार, कळलं होतं म्हणजे तर्क केला होता. जोश्याचा तर्क. बाप म्हणून आठ दिवस डोळ्याला डोळा लागलेला नाही."

बाई पुढे सरकली. "काका, येकडाव रडा. माज्यासाटी न्हाई, त्या लेकरासाटी."

आणि मग एक विचित्र प्रकार सुरू झाला. आम्ही सगळे, सरकारी नोकर धरून, एक म्हातारा माणूस रडावा म्हणून वाट बघत बसलो. जोशीबुवांनी डोळे मिटले. प्रयत्न केला असावा. पण इतकी वर्षं बंद ठेवलेलं दार हुकमानं थोडंच उघडतं? डोळे उघडून त्यांनी नाही अशी मान हलवली. मॅनेजरांनी घड्याळ काढलं आणि बघितल्यासारखं करून परत खिशात टाकलं.

थोड्या वेळानं जोशीबुवांनीच बाईला विचारलं, "तुम्ही काय म्हणून रडलात? त्या सिनेमात?"

बाई म्हणाली, "मला कुटं येतंय बोलाया? मालकच म्हनले, माजी आय जे म्हनायची ते म्हना. म्हनून तेच म्हनले."

"काय?"

बाई खाली बसली. रडण्याचं सोंग तिनं केलं नाही, आवाजही वाढवला नाही. मांडीवर कुणाचं तरी डोकं असावं तसा हात ठेवून म्हणाली, "ऊठ रे राजा. ताटात दहीभात वाढलाय. तुझ्याबिगर मी जेवले का कवा?"

जोशीबुवांचा चेहरा आधी नुसता गोंधळल्यासारखा झाला. गेलेल्या बायकोचे शब्द एका अनोळखी बाईच्या तोंडून यावेत, हे त्यांना पहिल्यांदा उमगलंच नाही. मग खांदे हलायला लागले. त्यांनी उपरण्याचं टोक तोंडावर धरलं, पण आवाज दबेना. "ती जेवली नाही हो," एवढंच ते मध्ये एकदा बोलले, "शेवटपर्यंत त्याचं पान मांडायची." म्हातारा माणूस इतकं रडतो हे मी तोवर बघितलं नव्हतं. जमादार भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. माझीही नजर कागदावर ठरेना.

ते जरा शांत झाल्यावर बाईनं पदरानं स्वतःचे डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाली, "झालं. लिवा साहेब. निरोप म्या धाडला. ह्ये माजं मालक घेऊन गेल्ते. सिनेमावाल्या दादास्नी ह्यातलं कायबी ठावं न्हाई. हानते आंगठा."

मी लिहून घेतलं. मॅनेजरांनी अर्ज माघारी घेतल्याची सही केली. मी कागद आवरायला लागलो, तर बाई जागची हलेना.

"आता काय राहिलं?"

"त्यास्नी खरं सांगायचं ऱ्हायलं की. ज्येनं खोटं सांगितलं त्येनं न्हाई सांगायचं. तुमी सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठून उभा राहिलो. का कोण जाणे, टोपी नीट केली. "जोशीबुवा," मी म्हणालो, "तुमचा मुलगा जिवंत आहे. सुखरूप आहे."

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. आधीच ठाऊक असलेली गोष्ट ऐकताना माणसाचा चेहरा इतका बदलू शकतो, हे मी त्या दिवशी शिकलो. त्यांनी एकच विचारलं. "जेवला का तो?"

मी लिंबाकडे बोट दाखवलं. ते उठले आणि काठी तिथेच विसरून बाहेर गेले. बाहेर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. आम्ही चावडीतले सगळे मुद्दाम आतच थांबलो.

कॅमेऱ्याचं सील मी स्वतः तोडलं. मॅनेजरांनी आपणहून एक दिवस जास्त दिला, आणि दरवाजा उघडून रयत आत येण्याचा प्रवेश झाला. आमचे जमादार रजा टाकून रयतेत सामील झाले होते. ते मला पुढे पडद्यावर दिसले. ते चित्र काही फार मोठं झालं नाही. शहरात थोडंफार चाललं, तंबूत मात्र पुष्कळ फिरलं. पण ते पुरं झालं, म्हणून दुसरं झालं, दुसऱ्यावर तिसरं झालं. राक्षसाचं काम त्यानं पुन्हा कधी केलं नाही. त्याची चित्रं कायम कमी खर्चाचीच राहिली, पण त्यात गावची माणसं गावच्या माणसांसारखी बोलत. भाकरीवाल्या बाईंना त्यानं पुढच्या दोन्ही चित्रांत आईचं काम दिलं. आता माझ्या मांडीवर कुणाला मारायचं न्हाई, ही त्यांची अट होती आणि त्यानं ती पाळली. जोशीबुवांनी चित्रं बघितली की नाही, मला सांगता येणार नाही. दर चित्राच्या मुहूर्ताचा दिवस मात्र तेच पंचांग बघून काढून देत, असं मी ऐकलं.

या केसनं मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, गप्प बसणारा प्रत्येक माणूस काही लपवत असतो असं नाही. पुष्कळ माणसं स्वतःला वाचवायला गप्प बसतात, पण काही दुसऱ्याला वाचवायला. पुढे चौकशी करताना समोरचा तोंड उघडेना, की मी आधी स्वतःला विचारायचो, हा कुणासाठी गप्प आहे? बऱ्याचदा तिथेच धागा सापडायचा.

दुसरी गोष्ट मी फक्त पोलिसांनाच सांगतो, कारण ती त्यांनाच कळते. खात्यात असताना किती दारांसमोर जाऊन उभा राहिलो त्याची गणती नाही. विहिरीत पडलेल्यांचे, मोटारीखाली सापडलेल्यांचे, परत न आलेल्यांचे निरोप घेऊन गेलो. दार उघडायच्या आधीच आतल्या माणसाला अंगावरची खाकी दिसते आणि तो सगळं ओळखतो. ते काम कुणालाच नको असतं आणि ते कुणी तरी करावंच लागतं. कावळा शिवण्यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. पण अंगावर वर्दी असताना एका बापाला तुमचा मुलगा जिवंत आहे असं सांगण्याचं काम मला उभ्या नोकरीत त्या एकाच दिवशी मिळालं, आणि ते मला एका भाकरी थापणाऱ्या बाईनं दिलं.